डॅशबोर्डवरचा पेला

जगातली प्रत्येक नवी वस्तू बिघडूनच जन्माला येते, अशी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि नेमका तो माझा थोरला साडू निघाला. लोक नवी वस्तू घरी आणली की तिला हळदकुंकू लावतात. आमचे साडू आधी तिच्यातली खोट शोधतात आणि ती सापडेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. लासूर स्टेशनच्या बाजारात माठ घ्यायचा तर ओळीतला एकेक माठ टिचकी मारून ऐकणार, कुंभारीण वैतागून चहा पिऊन परत येईपर्यंत ऐकणार, शेवटी पहिलाच माठ उचलणार आणि घरी येऊन अक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सांगणार, "गळंल." तो माठ दोन उन्हाळे गळला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात मांजरानं पाडून फोडला, तेव्हा कुठं साडूंचा जीव भांड्यात पडला. हर्सूलला मी घर बांधलं, त्या वास्तुशांतीला आत होम पेटलेला असताना हे गृहस्थ बाहेरच्या खोलीत फरशीवर गोटी ठेवून उकिडवे बसले होते. गोटी काही हलेना. तासाभरानं जेवायला उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसंल, पाव्हणं. हळूहळू एका बाजूनं बसंल." तेव्हापासून मी घरात जरा तिरका चालतो, असं माझी बायको म्हणते.

अशा माणसानं गेल्या दसऱ्याला कोरी करकरीत पिकअप घेतली, तीही एक टिचकी न मारता. शोरूममध्ये मी सोबत होतो. चावी हातात पडली तरी त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं नाही, तेव्हा मला काळजीच वाटली. कारण पुढं कळलं. त्यांचा एकुलता मुलगा पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागला होता आणि सणावारालाही घरी फिरकत नव्हता. दारात गाडी उभी राहिली, स्वतःचा धंदा झाला, की तो नोकरी सोडून परत येईल असा साडूंचा हिशेब होता. "गाडीचं लई वेड हाय त्याला," ते मला म्हणाले. "दारात गाडी बघितली की पोरगं पळत येतंय का नाय बघा तुम्ही." त्यांच्या तोंडून एखादी आशेची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली आणि खरं सांगतो, त्यांच्या तोंडाला ती शोभत नव्हती.

त्यानंतर साडू गाडी घेऊन आमच्या दारात उगवले ते थेट शिमग्याच्या सुमारास. चेहरा जुन्या वळणावर आलेला. उतरल्या उतरल्या म्हणाले, "थरथरते." डॅशबोर्डवर स्टीलचा पेला होता, मुलाच्या बारशात आलेला, त्याचं नाव कोरलेला. तळाला कणकेचा गोळा लावून तो घट्ट बसवला होता आणि गळ्यापर्यंत पाणी भरलेलं होतं. मला शेजारी बसवून त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली. चाळिसाला पाणी गप्प होतं. साठाला त्यावर बारीक गोल उमटायला लागले. साडूंनी एक हात डॅशबोर्डवर ठेवून वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले (गाडी साठावर होती!) आणि विचारलं, "जाणवतंय का?" मला जाणवत होतं. पण हो म्हटलं तर रविवार गॅरेजात जाणार हे दिसत होतं, म्हणून मी नाही म्हणालो.

रविवार तरीही गॅरेजातच गेले, ओळीनं पाच. चाकांचं बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला, "काका, रिकामी पिकअप थोडी हलतेच." लगेच साडूंनी गाडीत सात पोती खत, अक्का आणि मला भरलं आणि पुन्हा त्याच्या दारात नेऊन उभी केली. थरथर तशीच. पोस्टमन, दूधवाला, अजिंठ्याहून लग्नाला आलेले अनोळखी पाहुणे, जो सापडेल त्याला त्या सीटवर बसवून ते विचारत, "जाणवतंय का?" लोक रस्ता बदलायला लागले.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र घडत होती. दर रविवारी दहाच्या सुमारास साडू गाडी रस्त्याकडेला घेऊन मुलाला फोन लावत आणि स्पीकर चालू करत. यापूर्वी त्या बापलेकांचं बोलणं मी ऐकलेलं होतं. जेवलास का, हो, पाऊस हाय का, नाही, बरं, ठेवतो. आता वीस वीस मिनिटं चाले. मुलगा डॉक्टरसारखं विचारायचा, "अप्पा, स्टीअरिंगला जाणवतं का सीटला?" "सीटला." "म्हणजे मागची चाकं. कितीला सुरू होतं?" साडू उत्तरं देताना ताठ बसत, मुलगा सांगेल ते जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेत. एकदा त्यानं विचारलं, "गाडी जास्त दिवस एका जागी उभी होती का?" साडू एकदम उसळले, "छ्या! दसऱ्यापासून रोज पळती." मुलगा म्हणाला, "मग ते नसणार," आणि दुसरं काहीतरी सांगायला लागला.

शेवटी मीच कंटाळून त्यांना जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचानं पेल्याकडे पाहिलं नाही, गाडी चालवून पाहिली नाही. मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं हळूहळू फिरवलं आणि टायरवर तळवा ठेवून राहिला. मग आत वाकून मीटर वाचलं.

"कब ली गाडी?"

"दसऱ्याला. रोज पळती."

"रोज चलती तो मीटर पे इत्तेच किलोमीटर?" चाचाचा आवाज अजिबात चढला नाही. "टायर एक जगे से बैठ गया भाई. ये गाडी खडी थी. माल भरके खडी थी, महिनों. सच बोलो, मेरे कू छुपाके क्या करते?"

माठापासून सरकारपर्यंत सगळ्यांत खोट काढणारा हा माणूस त्या चाकाजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "व्हय. उभी व्हती. पोराची वाट बघत व्हती."

परतताना हर्सूलच्या तलावाजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि स्वतःहून सांगितलं. मुलगा दिवाळीला येतो म्हणाला होता. पहिली फेरी त्याच्या हातनं मारायची म्हणून साडूंनी गाडीत मक्याची पोती भरून ठेवली. दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. मग संक्रांतीला येतो म्हणाला. पोती उतरवली तर तो येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, म्हणून पोती तशीच राहिली. मक्याला टोके किडे लागले, पत्र्याच्या छपराखाली उभ्या उभ्या चाकांची हवा गेली, शिमग्याला अक्कांनी रडून रडून पोती उतरवायला लावली. "आता त्याला कसं सांगू," साडू म्हणाले, "तुझ्यापायी गाडी पाच महिने उभी व्हती म्हनून? त्याच्या जिवाला लागंल." इतके रविवार मी या माणसाला खोटं 'नाही' ऐकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

चाचानं पुढच्या आठवड्यात मागची दोन्ही टायरं बदलून दिली. गाडी लोण्यासारखी पळायला लागली. आयुष्यभर खोट सापडली की खुलणारे साडू या वेळी खोट सापडून उदास झाले. रविवारी आले ते मला शेजारी बसवून नुसते गाडी चालवत राहिले. ऐंशीला पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. त्या पाण्याकडे ते अधूनमधून रागानं बघत होते.

दहा वाजले. गाडी कडेला घेऊन त्यांनी फोन लावला.

"अप्पा, व्हायब्रेशन गेलं का?"

साडूंनी पेल्याकडे पाहिलं.

"न्हाय रे बाबा. हाय अजून थोडं."

"सीटला का स्टीअरिंगला?"

साडूंनी विचार केला. "आता स्टीअरिंगला."

"म्हणजे पुढची चाकं. थांबा, मी सांगतो तसं करा…"

साडूंनी खिशातून जुनी पावती काढली आणि तो सांगेल ते लिहायला लागले. एक पाठ भरली, तशी दुसरी पावती काढली. फोन ठेवल्यावर गाडी पुन्हा रस्त्याला लागली. थोडं पुढं गेल्यावर माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "जाणवतंय ना, पाव्हणं?"

पेल्यातलं पाणी जागचं हललं नव्हतं.

"हो दाजी," मी म्हणालो, "चांगलंच जाणवतंय."