वर उडालेला ळ

जयराम पालीला भ्यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या पालीवरूनच घडलं. गंगापूर रोडवरच्या आमच्या सरकारी ऑफिसात तो आवक-जावक कारकून आणि मी, रंगनाथ, टायपिस्ट. रेकॉर्ड रूममध्ये पाल चुकचुकली की हा फाईल तिथंच टाकून बाहेर. चाळिशीचा बाप्या! आणि हौस कसली, तर जंगलाची. वाघ-बिबट्यांची कात्रणं ड्रॉवरमध्ये जपून ठेवायचा. आमचे हेडक्लार्क धोंडीराम म्हणायचे, पालीला भिणारा निघाला वाघ बघायला, आणि सगळं ऑफिस खिदळायचं. मीही खिदळायचो.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये धोंडीरामांनी वन खात्याच्या नावानं जयरामला धाडायच्या खोट्या पत्राचा मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला. आपणास कळविण्यात येते की, वैशाख पौर्णिमेला घाटाखालच्या दाट जंगलात पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची मोजणी होणार असून स्वयंसेवक म्हणून आपली निवड झाली आहे. इगतपुरी स्टेशनवर सकाळी जीप घ्यायला येईल. शिक्का बटाटा कोरून केला. आमच्या मशीनचा ळ ओळ सोडून वर उडायचा, ऑफिसातल्या शेंबड्या पोरानंही ओळखावा असा. मला वाटलं, हा पहिल्याच ओळीत पकडेल आपल्याला. कसलं काय! आनंदात माणसाला अक्षर दिसत नाही.

घाबरून नाही म्हणेल, मग महिनाभर करमणूक, असा धोंडीरामांचा हिशेब. जयराम हो म्हणाला. पालीला भिणारा माणूस, तरी हो म्हणाला. आवक आली की जावक गेलीच पाहिजे हा त्याचा धर्म, म्हणून त्यानं वन खात्याला रजिस्टर पोस्टानं स्वीकृतीही धाडली. आम्हाला त्याचा पत्ताच नाही.

मग सुरू झाली तयारी. जनावराला वास येतो म्हणून तेल, साबण, तंबाखू बंद. पांढरा सदरा आणि पँट आईनं पातेल्यात हिरव्या रंगात उकळली, ती कुठं गडद, कुठं फिकी झाली. पाणवठ्यावर हलायचं नसतं म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्ड रूममध्ये स्टुलावर तासभर बसायचा. तिथंच, पालींच्या राज्यात. घामानं निथळून बाहेर यायचा आणि विचारायचा, रंगनाथराव, जमेल ना मला? मी म्हणायचो, जा रे, जमेल. रोज म्हणायचो. माझ्या जिभेला हाड नव्हतं.

पौर्णिमा म्हणजे त्यांची बुद्धजयंती. विहारात खीर, सगळी वस्ती गोळा होणार, आणि हा नेमका जंगलात. त्याचं मन मागंपुढं होत होतं. त्याची आई सुलाबाई म्हणाली, "जन्मभर लोकांनी भित्रा म्हटलं तुला. भगवंताच्या दिवशी जीव मोजायला चाललास, मारायला नाय. जा, बाबा."

आदल्या संध्याकाळी खरं सांगायला मी त्यांच्या वस्तीत गेलो होतो. बघतो तर विहारापुढं हा ठिगळासारख्या हिरव्या कपड्यांत उभा, गळ्यात हार, पोरं टाळ्या वाजवतायत. मला बघून म्हातारी म्हणाली, साहेब, तुमच्यामुळंच ह्याला धीर आला. मी पेढा खाल्ला आणि घरी आलो. थू माझ्यावर.

चौथ्या दिवशी जयराम कामावर आला. तोंड रापलेलं, ओठ फुटलेले. म्हणाला, दोन गवे आणि एक बिबट्या बघितला. इगतपुरीला रेल्वेत माझा साडू आहे, त्यानं मला नंतर सांगितलं. हिरव्या कपड्यांतला एक माणूस तीन दिवस स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून होता. जीप आली की उठून उभा राहायचा.

हे मी धोंडीरामांना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. त्या दिवसापासून रोज चहाला तो एकच विषय. जयरामभाऊ, बिबट्या केवढा होता? शेपटी केवढी? आणि तो सांगायचा. कान लाल व्हायचे, तरी सांगायचा. वस्तीत आईनं बिबट्याची गोष्ट दारोदार नेली होती, आता मागं फिरणार कुठं? आम्ही पोट धरून हसायचो.

पुढच्या एप्रिलमध्ये टपाल फोडता फोडता तो थांबला. एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि तो पुढं ठेवला. वन खात्याचं पत्र. गेल्या वर्षी आपले स्वीकृतीपत्र मिळाले होते, यंदा पौर्णिमेच्या मोजणीस स्वयंसेवक हवे आहेत, आपण यावे, असं आपणास कळविण्यात येते. खाली साहेबाची सही, पाकिटावर पोस्टाचा छाप. मी ते दोनदा वाचलं.

जयरामनं 'कळविण्यात'खाली अंगठा फिरवला.

"ळ सरळ आलाय," तो म्हणाला. "मशीन दुरुस्त केलं वाटतं, रंगनाथराव."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. बिबट्याची शेपटी हातभर लांब करून सांगताना, आम्ही हसत असताना, त्याला सगळं ठाऊक होतं.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "जयराम, हे खरं आहे. आईशप्पथ खरं आहे. तू जा."

"मागच्या वर्षीही तुम्ही 'जा'च म्हणाला होतात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पलीकडून धोंडीरामांनी विचारलं, काय जयरामभाऊ, पुन्हा बिबट्या का? सगळे हसले. जयराम जागेवर गेला, पत्र आवक रजिस्टरात चढवलं, कोपऱ्यात लाल शाईनं 'दप्तरी दाखल', म्हणजे पुढं कारवाई नाही, असं लिहिलं आणि ते ठेवायला रेकॉर्ड रूममध्ये गेला. आत पाल चुकचुकली. तो बाहेर पळाला नाही.