विकतची हरळी

माझ्या सासूबाई कुठेही गेल्या की माणसांच्या आधी जमीन बघायच्या. नात्यातल्या एका लग्नात अक्षता पडायची वेळ झाली आणि सासूबाईंचा पत्ता नव्हता. सापडल्या त्या मंगल कार्यालयाच्या मागे, नवं इरकली लुगडं वर खोचून भिंतीकडेचं गवत उपटताना. उपटलेल्याचा नीट ढीगही लावला होता. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाल्या, "रान कुणाचं बी असू दे, तण दिसलं की हात जातोच."

घरात सगळे त्यांना माय म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. झरीला, त्यांच्या गावी, त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती. तिथलं काम उरकलं की त्या दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात. चाळीसेक वर्षं गेल्या. दहा-बारा बाया शेजारी शेजारी आपापली पात, म्हणजे पिकातली आपली ओळ, धरून बसायच्या आणि माय सगळ्यांच्या पुढे असायच्या. हरळीवर त्यांचा खास राग. बाकीचं तण उपटलं की संपतं, हरळी जमिनीखालून चालते, असं त्या सांगत. "तिचं एक पेर राह्यलं तरी सकाळी ती तुमच्या आधी उठती."

मामंजी गेल्यावर बालाजीने, माझ्या नवऱ्याने, त्यांना परभणीला आणलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्या विसरायला लागल्या. आधी चहा घेतल्याचं विसरल्या, पुढे मामंजी गेल्याचंच विसरल्या. दर वेळी नव्याने सांगावं लागे आणि दर वेळी त्या नव्याने रडत, म्हणून आम्ही सांगणंच बंद केलं. ते बाहेर गेलेत, येतील, एवढंच म्हणायचो.

डॉक्टर म्हणाले, त्यांना चालतं ठेवा. पण आमच्या घरामागे बांधकामातून उरलेली गिट्टी आणि मुरूम. तिथे त्या एकदा पडल्या आणि मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. त्याच आठवड्यात बालाजीने ठरवलं, मागे लॉन करायचं. माय अनवाणी चालेल, पडली तरी लागणार नाही.

रफिकभाई बालाजीचे शाळेपासूनचे मित्र, त्यांची रोपवाटिका आहे. प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी सकाळी ते टेम्पोभर गवत घेऊन आले. माझा भाऊ आला, बालाजीच्या ऑफिसातले दोघे आले. सगळ्यांनी मिळून गिट्टी वेचली, माती आणि शेणखत पसरलं, फळी ओढून जमीन सपाट केली. मग रफिकभाई सांगतील तशा गवताच्या लाद्या एकमेकींना चिकटवून अंथरल्या. मी सगळ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला करून घातला. माय खाटेवर बसून बघत होत्या. एक लादी त्यांनी जवळ ओढली, उलटी केली, मुळं निरखली.

"बालाजी, हरळी इकत आणली व्हय रे?"

आम्ही सगळे हसलो. रफिकभाई म्हणाले, "माय, ही शहरातली हरळी हाय." माय म्हणाल्या, "मंग लय लाडाची असंल." त्या दिवशी त्यांना सगळं कळत होतं. संध्याकाळी बालाजीने हात धरून त्यांना गवतावरून फिरवलं, तर वाळवणात पाय पडू नये तशा त्या जपून पावलं टाकत होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठून मागे गेले तर पाव लॉन उघडं पडलेलं. झरीहून आणलेल्या गाठोड्यातलं खुरपं मायच्या हातात होतं. काढलेलं गवत मुळं वर करून उन्हात ओळीने वाळत घातलं होतं. त्या घामाने निथळत होत्या आणि इतक्या आनंदात होत्या, की तसा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला बघताच उठल्या, पदर सावरला.

"मालकीणबाई, रान बघा कसं लोण्यावानी झालंय. ऱ्हायलेलं उद्या करते."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. "बरं झालं," मी म्हणाले.

रफिकभाई पुन्हा आले, पुन्हा लाद्या बसवल्या. आम्ही खुरपं लपवलं. मायनी हातांनी गवत काढलं. नखांतून रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत. मग आम्ही मागचं दार लावून घेतलं. त्या दारावर थापा मारत राहिल्या. "बाया म्होरं गेल्या, मी एकलीच मागं राह्यले," असं सारखं म्हणायच्या. जेवायला बसवलं तरी लक्ष दाराकडे.

एका संध्याकाळी बालाजी ऑफिसातून आला आणि त्याने दार उघडलं, तशा माय त्याच्या हाताखालून बाहेर गेल्या आणि खाली बसून उपटायला लागल्या. त्याचा संयम सुटला. त्याने त्यांचे दोन्ही दंड धरले आणि ओरडला, "माय, हे तण न्हाई. तुझ्यासाठी लावलंय हे."

माय घाबरल्या. मुठीतलं गवत सोडून त्यांनी हात जोडले. "चुकलं, मालक," म्हणाल्या.

बालाजीने हात सोडले आणि तिथेच गवतावर बसला. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून त्याने मागचं दार उघडलं, विटेचा आधार लावून उघडंच ठेवलं आणि खुरपं मायच्या खाटेवर आणून ठेवलं.

पुढे पाच-सहा महिने तेच चाललं. माय उपटत होत्या, रविवारी रफिकभाई उरल्यासुरल्या लाद्या आणून बालाजीबरोबर उघडी जागा भरत होते. दुपारी मीही मायच्या शेजारची पात धरून बसायचे. माझं काम त्यांना पसंत नव्हतं. "मुळं तुटू देऊ नगं," म्हणून माझ्या हातातलं काढून घ्यायच्या आणि कसं धरायचं ते दाखवायच्या. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवखी बाई आहे, शिकेल, एवढंच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एक दिवस त्या दारापर्यंत आल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या. मी हाक मारली, जागा करून सरकले. त्यांनी गवताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही ओळखीचं दिसलं नाही तशा वळून खाटेवर जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी मी खुरपं हातात दिलं. ते त्यांनी चमच्यासारखं तोंडाकडे नेलं.

त्या तिथून पुढे उठल्या नाहीत. दोन महिने होत्या. तेवढ्यात मागची सगळी जागा भरून निघाली, एक बोटभर माती दिसेना.

त्याच दिवसांत रफिकभाईंचा फोन आला, या रविवारी किती लाद्या आणू म्हणून. बालाजी मागच्या दारात उभा होता. म्हणाला, "आता नको, रफिक. सगळं दाट आलंय."

फोन ठेवून त्याने दाराला लावलेली वीट नीट सरकवली आणि दार उघडंच राहू दिलं.