सारवणाच्या हातानं लावलेलं पॉलिश

माझं सारवण नेरमध्ये नावाजलेलं होतं. हे मीच सांगते आहे, कारण आता सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. शेणाचा काला किती दाट हवा, हाताचा वळसा केवढा घ्यायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अंगणभर एकसारख्या कमानी उमटायच्या आणि शेजारणी पाणी भरायला जाता जाता थांबून पाहायच्या. वकिलाची बायको असून स्वतः सारवते, याचंही त्यांना अप्रूप होतं. त्या हाताचा मला फार गर्व होता, आणि त्याच हातानं मी एका भल्या माणसाचं नुकसान केलं.

एकोणीसशे साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. यजमान यवतमाळच्या कोर्टात एसटीनं जात. एका निवृत्त साहेबाची जुनी मोटार त्यांनी विकत घेतली, तेव्हा तिचा मूळचा रंग कोणता होता हे ओळखणं कठीण होतं. ती रंगवायचं काम त्यांनी बसस्टँडमागच्या टिनाच्या शेडमधल्या चाचांना दिलं. चाचा एरवी पाट्या रंगवत, बैलगाड्यांना रंग देत, सायकलींवर मालकाची नावं काढत. मोटार क्वचितच मिळे. म्हणूनच ते तिच्यामागे महिनाभर खपले. आधी घासली, मग खड्डे-चिरा बुजवायला लुकण भरलं, पुन्हा घासली. मी एकदा वैतागून विचारलं, "चाचा, रंग कधी लावणार?"

"रंग म्हंजे कपडा हाय, वकिलीनबाई. आंग मळकं असलं तं नवा कपडा काय कामाचा?"

मोटार काळीभोर होऊन आमच्या अंगणात आली, तेव्हा मी तिच्या दारात वाकून केस नीट केले. घरातल्या आरशाचं कामच उरलं नव्हतं.

रंग पक्का व्हायला चाचांनी तीन आठवडे जाऊ दिले. मग नागपूरहून पातळ पॉलिशची बाटली मागवली. ते लावलं की रंगावर एक पापुद्रा धरतो, पाणी ठरत नाही, धूळ चिकटत नाही. बाटली गुरुवारी संध्याकाळी त्यांनी आमच्याकडेच ठेवली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता कापसाच्या जिनिंग कारखान्याचे एक शेठ मोटार पाहायला यायचे होते. काम पसंत पडलं तर त्यांचे दोन ट्रक आणि एक जीप रंगवायचं काम चाचांना मिळणार होतं. न मिळालं तर अमरावतीला धाकट्या भावाच्या गॅरेजात नोकर म्हणून जायचं, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. चाचांना नेर सोडायचं नव्हतं.

"उद्या जुम्मा हाय. नमाज झाली का येतो. तवर हात लावू नोका," असं बजावून ते गेले.

मला कोणी नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. शुक्रवारी यजमान कोर्टात गेले, भांडी आवरली, आणि मी बाटली उघडली. आत ताकासारखं पांढरं काहीतरी होतं. म्हटलं, चाचा येईपर्यंत करून ठेवू, तेवढंच म्हाताऱ्याचं काम हलकं. शिवाय लिंपण्यातलं मला कोण शिकवणार? होळी होऊन गेली होती, ऊन चटकत होतं, पण सारवण उन्हातच लवकर वाळतं. मी फडक्यावर सढळ हातानं ओतलं आणि टपापासून बॉनेटपर्यंत, उजव्या दारापासून डाव्यापर्यंत, वळसे घेत सगळी मोटार सारवून काढली.

अर्ध्या तासात ती वाळली. काळ्या रंगावर माझ्या सगळ्या कमानी पांढऱ्याधोप उमटल्या. पुसल्या तर निघेनात. ओलं फडकं घेतलं, पदर घेतला, काही उपयोग झाला नाही. मला रडू कोसळलं.

चाचा आले. दारातच थांबले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काहून रडून राह्यल्या? रंगाले काई झालं नाई. वरचं वाळलं हाय. पयले गाडी सावलीत घेऊ."

आम्ही दोघांनी मोटार ढकलत कडुनिंबाखाली नेली. चाचांनी उलटा हात पत्र्याला लावून पाहिला आणि पत्रा निवेपर्यंत मला थांबवून ठेवलं. मग बाटली हलवली, मऊ धोतराच्या तुकड्यावर चारच थेंब घेतले आणि वीतभर रुंद पट्टा सरळ, पुढून मागं, एका रेषेत ओढला. ताज्या पॉलिशनं खालचं वाळलेलं सैल झालं. पुढचा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर चढवून घेतला. धुकट साय धरली की दुसऱ्या कोरड्या फडक्यानं हलकेच पुसायचं, आणि फडकं उलटत राहायचं.

"दिसलं तं जास्त झालं समजा. दोन हात जागा लावजा, पुसजा, मंग फुडं जाजा."

टप झाला, बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. डावीकडचं मागचं दार तेवढं राहिलं आणि पाच वाजले.

शेठ मोटारीभोवती फिरले. बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशा पाहून खूश झाले. मग डावीकडे आले.

"हे कायचे पट्टे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहा हात चुकला, शेठ. थोड्या वेळात निघते."

"एका दारात हात चुकते, तं दोन ट्रकात किती चुकंन?" शेठ हसले. "सांगून पाठवतो."

मी तिथेच उभी होते. गल्लीत मला तोंडाळ म्हणत. भाजीवाल्याचं, यजमानांचं, सासऱ्यांचंसुद्धा मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे. वकिलीणबाई मोटार सारवते, हे शेठच्या तोंडून गावभर होईल, या लाजेनं मी गप्प राहिले. शेठ गेले, आणि त्यांचा निरोप कधीच आला नाही. त्या गप्प राहण्याची मला आजही शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा आले, राहिलेलं दार पुरं करायला. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं ते बोलले, "चाचा, मी शेठकडे जाते. खरं काय ते सांगते."

"कायले? रंग माहा, नाव माहं. राहू द्या." त्यांनी धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला. "हे दार तुमी लावा."

मी चार थेंब घेतले. सरळ ओढलं, थांबले, पुसलं. सवयीनं मनगट वळू पाहत होतं, ते मी दुसऱ्या हातानं धरलं. चाचा शेजारी उकिडवे बसून पाहत होते. दार पुरं झालं तेव्हा त्यावर एकही पट्टा नव्हता.

"बराबर," ते म्हणाले. "आता मी इथं नसलो तरी गाडीची फिकर नाई."