तीन नावांचा रकाना

रुदैना हद्दाद अम्मानमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होती. हॉस्पिटलची माहिती औषधांच्या दुकानांपर्यंत पोचवायचं काम चाललं होतं. प्रोग्रॅममधल्या ॲलर्जीच्या रकान्याला तिथल्या तिघांनी तीन नावं दिली होती. एकाने इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, दुसऱ्याने मध्ये रेघ घालून, तर मालकाच्या भाच्याने चॅटिंगच्या सवयीने रोमन लिपीतला अरबी शब्द, त्यातल्या ‘ह’ऐवजी सातचा आकडा.

“सगळे एकाच पद्धतीने लिहा,” असं ती वर्षभर सांगत होती. मालक अबू वाएल हसून म्हणायचे, “अगं पोरी, कशाला कुणाचं मन मोडायचं?”

आज चाचणीत दुकानाच्या स्क्रीनवर ॲलर्जीची जागा कोरीच आली. ती तीन नावं एकाच रकान्याची आहेत, हे संगणकाला कळेना. आणि उद्यापासून खरे पेशंट!

रुदैनाचं डोकं फिरलं. “काका, पेनिसिलिनने एखादा गेला, तर त्याच्या आईचं मन कोण जपणार?”

“आवाज खाली. आधी चहा घे.”

“तुम्हीच प्या तो! नावं मी बदलतेय, सगळी. तोवर हे सुरू होणार नाही. हॉस्पिटलला तुम्ही कळवताय की मी कळवू?”

अबू वाएलनी हॉस्पिटलला फोन लावला. भाचा रुसून बाहेर गेला. त्याची समजूत काढायला या खेपेला कुणीच उठलं नाही.