व्याकरण बरोबर

सकाळी पोळ्या लाटत होते, तेव्हा गेटवरच्या गार्डभैयाचा इंटरकॉम आला. "आंटीजी, बी ब्लॉक वाली मैडम... लगता है, नहीं रहीं." मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच निघाले. लिफ्टची वाट न बघता तीन मजले उतरले. उतरताना त्या एका ‘लगता है’ला घट्ट धरून होते. लगता है म्हणजे नक्की नाही, हे मला विजूताईंनीच शिकवलं होतं... त्यांच्या दारासमोर चपला दिसल्या आणि तो आधारही गेला. त्याला आता सहा आठवडे झाले.

विजूताई नागपूरच्या. निशातगंजच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि गोमती नगरला आमच्या सोसायटीत एकट्या राहायच्या. मुलगा पुण्याला. मी सांगोल्याकडची, चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या मुलाला चिनहटला नोकरी लागली म्हणून इकडे, हिंदी मुलखात आले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एकदा नात इराच्या डायरीत शाळेतल्या बाईंनी इंग्रजीत एक ओळ लिहून पाठवली. मुलगा, सून कामावर, आणि इरा काही केल्या वाचून दाखवेना. मी डायरी घेऊन विजूताईंकडे गेले.

"इरा सीम्स स्लीपी इन क्लास," त्यांनी वाचलं. "म्हणजे वर्गात ती पेंगते असं बाईंना वाटतं."

"वाटतं, की पेंगतेच?"

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "शालन, हा प्रश्न माझ्या दहावीच्या मुलींनी कधी विचारला नाही. बस इथे."

तेव्हापासून रोज दुपारी एक वही घेऊन मी त्यांच्याकडे जायला लागले. त्या सांगायच्या, "मराठीत आपण सगळ्याला ‘वाटतं’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत कशावरून वाटलं तेही सांगता येतं. डोळ्यांवरून वाटलं तर लुक्स, कानांवरून साउंड्स, हात लावून फील्स. आणि कशावरून ते नेमकं सांगता येत नसेल, तर सीम्स." मी भाजीच्या ठेल्यावरही मनात जुळवत राहायचे. एकदा दुधी हातात घेऊन मोठ्याने ‘लुक्स फ्रेश’ म्हणून गेले, तर इरा माझा पदर ओढत म्हणाली, "आजी, भैया से हिंदी में बोलो ना, प्लीज."

मला त्यातला ‘सीम्स’ फार आवडला. पक्कं काही बोलायची मला पहिल्यापासून भीती. ‘सीम्स’ लावलं की बोलताही येत होतं आणि चुकलं तर मागेही सरता येत होतं. मग मी तो सगळीकडेच लावायला लागले. एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून मी हाक मारली, "ताई, इट सीम्स, दूध उतू गेलं."

त्या धावत आल्या. "अगं, दूध ओट्यावरून खाली गळतंय आणि तुझं अजून सीम्स?" आम्ही दोघी हसत हसत ओटा पुसला. मग फडकं पिळता पिळता त्या म्हणाल्या, "खात्री नसेल तेव्हा सीम्स म्हणावं, शालन. भीती वाटते म्हणून नाही. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते सांगून टाकावं."

त्या जाण्याच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. "दोन-चार दिवस येऊ नकोस... जरा कणकण आहे." दोन-तीन शब्द झाले की श्वास घ्यायला थांबत होत्या, जिना चढून आल्यासारख्या. तरी शिकवायची खोड जाईना. "बरं, परीक्षा घेते. हाऊ डू आय साउंड?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. यू साउंड टायर्ड. पण मनात आलं, एकट्या आहेत, घाबरतील. मुलाला बोलवून घ्या, असं सांगणारी मी कोण...

"यू साउंड फाइन, ताई."

त्यांनी पुन्हा एक श्वास घेतला. मग म्हणाल्या, "व्याकरण बरोबर." आणि फोन ठेवला.

हृदयाचं दुखणं होतं, हे नंतर कळलं. सगळे मला समजावतात, तू बोलली असतीस तरी काही फरक पडला असता असं वाटत नाही. त्यांना तसं वाटतं. खरं काय ते मलाही माहीत नाही. पण मी तो श्वास ऐकला होता, एवढं मात्र पक्कं आहे. तिथे सीम्स लावता येत नाही.

हे सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. पुढच्या पानांवर त्यांनी दिलेला शेवटचा अभ्यास आहे, ओळखीच्या माणसांवर पाच वाक्यं. चार झाली होती, पाचवी ओळ कोरी राहिली होती. काल मी ती भरली. विजूताई, यू साउंड टायर्ड. इरा शेजारी बसून बघत होती. जरा वेळाने हळूच म्हणाली, "आजी, अब तो ‘साउंडेड’ होगा ना?"

असेल. भूतकाळ आमचा दिवाळीनंतर सुरू होणार होता. मी ते वाक्य तसंच ठेवलं, आणि लाल पेनाने बरोबरची खूण करायची त्यांची जागाही त्याच्यापुढे कोरी सोडली.