सोललेली फोड

कलांदा गावात पीच झाडावरच कागदी पिशवीत पिकतो. त्याची बाधा फक्त सालीत असते, या गावच्या ठाम समजुतीने ओरोसियाने पीचची ॲलर्जी असलेल्या धाकट्या भावाला, ब्लासला, सोललेली फोड भरवली. साल सोलताना माखलेले हात तिने धुतले नव्हते. ब्लास दगावला.

वीस वर्षांनी, प्रयोगशाळेत, तिने पीचमधल्या त्याच घातक प्रथिनाचा औषध म्हणून मवाळ केलेला तुकडा, तीच ॲलर्जी असलेल्या भाचीच्या रक्तपेशींवर सोडला. पेशी चवताळल्या नाहीत.

"ताई, बोल की! लेकीच्या पेशी माझ्यासारख्याच भांडखोर निघाल्या का?" बहिणीने फोनवर विचारले.

"नाही गं, गप्प बसल्यात."

"मग द्यायचं ना औषध?"

ओरोसियाला अगदी शेजारी ब्लासचा श्वास अडखळताना ऐकू आला. त्या दिवशीही तिला अशीच खात्री होती.

"थांब," ती म्हणाली, "आधी दुसरं कुणीतरी तपासू दे."