सासूचं माप

अकोल्याला माझं शिलाईचं दुकान होतं, वडिलांच्या हातचं. लग्नसराईत आम्ही चार-चार कारागीर बसायचो आणि तरी पुरे पडायचो नाही. मग तयार कपड्यांची दुकानं निघाली. त्याच वर्षांत कापसानं वऱ्हाडाला रडवलं. खेड्यातल्या माणसांनी कपडे शिवून घेणं सोडलं. लग्न असलं तरी नवरदेवापुरतं काय ते घ्यायचे, आणि तेही तयार. कारागीर एकेक करून सुरतेला गेले. बायको त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अल्लाघरी गेली होती आणि एकुलती मुलगी बऱ्हाणपूरला दिलेली. मी सकाळी शटर उघडायचो, मशीन पुसायचो, तेल द्यायचो, आणि दुपारपर्यंत रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावरचे सदरे बघत बसायचो. घरी जावंसं वाटायचं नाही. घरात बोलायला कुणी नव्हतं. दुकानात निदान रस्ता तरी होता.

एक दिवस अमरावतीच्या एका संस्थेच्या ताई आल्या. बालवाडीच्या मुलांसाठी त्यांना दप्तरं शिवून हवी होती. ती न्यायला आल्या तेव्हा एका दप्तराचा बंद ओढून पाहत म्हणाल्या, "मास्तरजी, शिकवाल का?"

"कोणाला?"

"बायांना. वलगावला आम्ही शिवणवर्ग काढतोय. तिथं राहून शिकवणारी बाई मिळत नाही."

मी हसलो. "मॅडम, खेड्यातल्या बाया माझ्यासारख्या माणसाकडून शिकतील?"

"तुम्ही या तर खरं. न जमलं तर परत जा."

परत जायला माझ्याकडे होतं काय? मी शटर ओढलं, कात्री, टेप आणि दोन जोड कपडे पेटीत घातले आणि एसटीनं वलगावला गेलो.

गावच्या समाजमंदिराचा हॉल संस्थेनं मागून घेतला होता. पुढं ओसरीत बालवाडी, आत पायमशिनी, मागं एक छोटी खोली, ती मला. बालवाडीची बाई गावातलीच होती. तिच्यामुळं बाया येत, पण माझ्याशी कुणी बोलेना. डोक्यावरचा पदर पुढं ओढून मशिनीवर बसायच्या. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की चाललेलं बोलणं तुटायचं आणि मी बाहेर गेलो की पुन्हा सुरू व्हायचं. मला वाटायचं, ओसरीतच उभं राहावं आणि ते बोलणं ऐकत राहावं. धागा अडकला तर त्या मला विचारायच्या नाहीत, शेजारणीला विचारायच्या. शेजारणीला येत नसेल तर तशाच बसून राहायच्या.

सरळ शिवण, परकर, लहान लेकरांची झबली इथपर्यंत निभलं. ब्लाउज आला आणि गाडी थांबली. माप कसं घ्यायचं हे दाखवायचं कुणाच्या अंगावर? मी टेप हातात घेऊन उभा राहिलो तशी पुढची बाई मागं सरकली, तिच्यामागची आणखी मागं सरकली. मी टेप गुंडाळून खिशात घातला.

त्या संध्याकाळी मी एक जुनी चादर कापली आणि बाईच्या आकाराचा पुतळा शिवायला घेतला. आत भरायला कापूस लागला. तो त्या वर्षी गावात घरोघर पडून होता, बालवाडीच्या बाईनं टोपलीभर आणून दिला. माप कोणाचं घ्यायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. छाती, कंबर, खांदा, बाही, पाठीची उंची असं एकाच बाईचं सगळं माप मला टेपाशिवाय ठाऊक होतं. लग्नानंतर तिचा प्रत्येक कपडा मीच शिवलेला. आजारात ती उतरत गेली तेव्हाची मापंही ठाऊक होती, पण ती मी घेतली नाहीत. त्याच्या आधीची घेतली, ईदला तिच्या कपड्यांचा नवा जोड शिवायचो तेव्हाची.

सकाळी पुतळा लाकडी खोडावर बसवून हॉलमध्ये ठेवला. बाया आल्या, दारातच थबकल्या. मग त्यांच्यातली एक, जिचा पदर बाकीच्यांहून जरा मागं असायचा, पुतळ्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, "अवो, हे तं माही सासूच उभी केली मास्तरनं!"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. तेव्हापासून तो पुतळा सासू झाला. "सासूचं माप घे वो." "सासूच्या बगलेत टाचणी टोच." घरी जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्या पुतळ्याला ऐकावं लागायचं. ते माप कोणाचं आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचं हसणं बंद झालं असतं, आणि हसणाऱ्या बायांमध्ये बसून मला कितीतरी दिवस झाले होते.

जिनं पुतळ्याला नाव दिलं ती शेतकरी घरातली सून होती. पंचविशी ओलांडलेली, एक लेकरू बालवाडीत. तोंडानं फटकळ. एकदा काज करता करता मान वर न करता म्हणाली, "मास्तर, तुमी एकले काहून रायता?"

"घरवाली गेली माझी."

"अन् लेक?"

"बऱ्हाणपूरला आहे. तिचं घर आहे तिला."

"मंग तुमाले करमते कसं?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. अकोल्यात मयतीला आले त्यांनी सबर करा म्हटलं, जावयानं काही लागलं तर सांगा म्हटलं. करमतं का हे कुणाला सुचलं नाही. मी म्हणालो, "नाही करमत." तिनं मान हलवली आणि पुढचं काज धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती लेकराच्या डब्याबरोबर माझी भाकर आणू लागली. मग आणखीही कुणी कुणी आणू लागल्या. काही जणी माझ्या ताटलीला हात लागू न देता वरून सोडायच्या. ते मला दिसायचं. ती मात्र ताटली हातात घेऊन वाढायची आणि ठेचा जास्त झाला तर सांगा म्हणायची.

एका दुपारी तिची खरी सासू दारात येऊन उभी राहिली. सुनेला रोज घरी यायला उशीर काहून होतो ते बघायला आली होती. त्याच वेळी कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, "सासूची कंबर लय सुटली." सगळ्या मशिनी थांबल्या. म्हातारी आत आली. पुतळ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं.

"हे कोन होय?"

सुनेनं मान मशिनीत घातली. मीच म्हणालो, "माप घ्यायचा पुतळा आहे, आजी."

"मले बह्यरी समजता काय?" म्हातारीनं पुतळ्याची कंबर दोन्ही हातांनी चाचपली. "माह्यापेक्षा लठ्ठ हाय. अन् खाऊन-पिऊन सुखी दिसते." मग ती भिंतीला टेकून बसली, गुडघे चोळत. "चालू द्या तुमचं. मी कायले खाऊन राहिलो तुमाले?"

त्यानंतर ती रोजच यायची. शिवत काही नसे. लेकरांना ओसरीत गप्प बसवायची, बटणं निवडायची आणि गावातलं सगळं सांगायची. माझ्या आयुष्यातले ते चांगले महिने होते. संध्याकाळी बाया गेल्यावर खोली खायला उठायची, पण सकाळ व्हायची आहे हे ठाऊक असायचं.

मग नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कपड्याच्या कंपनीला शिवणाऱ्या बाया हव्या आहेत अशी खबर ताईंनी आणली. पगार, फंड, न्यायला-आणायला बस. ताईंचा चेहरा उजळला होता. वर्ग काढला होता तो याच दिवसासाठी. रविवारी घरच्या माणसांची बैठक हॉलमध्ये बोलावली. पुरुष मशिनींमध्ये अवघडून बसले. बाया ओसरीत, दाराआड. ताईंनी सगळं समजावून सांगितलं आणि मला म्हणाल्या, "मास्तरजी, तुम्हीही सांगा."

मी उभा राहिलो. म्हणालो, "तुमच्या बायांचा हात चांगला बसलाय. कोणत्याही मशिनीवर चालेल."

फटकळ सुनेचा सासरा म्हणाला, "हात बसला ते ठीक. पन घर कोन पाहीन? तुमी परगावचे मास्तर. तुमचं काय जाते?"

खरं तर माझंच सगळ्यात जास्त जात होतं, पण ते त्या बैठकीत बोलायचं नव्हतं. मी खाली बसलो. तेवढ्यात म्हातारी दाराशी आली.

"घर मी पाहीन. सयपाक मी करीन, लेकरू मी पाहीन. माहे हातपाय चालून राहिले अजून. तिले जाऊ द्या."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले इतकं समजते, का ते घरात बसून माह्या तोंडाकडे पाहीन त्यापेक्षा गेलेली बरी."

ओसरीत कुणीतरी फिसकन हसलं. सासऱ्यानं हात झटकून होकार दिला. त्या घरानं हो म्हटलं तशा बाकीच्या घरांतूनही होकार आले, काही लगेच, काही कुरकुरत. मी मोटरवरच्या मशिनीच्या सवयीसाठी त्यांच्याकडून वेगानं शिवण घालून घेतली. कंपनीच्या चाचणीत जवळजवळ सगळ्याच पास झाल्या. ताईंनी पेढे वाटले. फटकळ सुनेनं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, आता तुमी कोनाले शिकवसान?"

"येतील नव्या मुली."

आल्याही काही, पण त्यांना ब्लाउज शिकायचाच नव्हता, कंपनीत लवकर घेतील एवढंच शिकायचं होतं. घेतलंही. सकाळी फाट्यावर कंपनीची बस यायची. मी चहा पीत खोलीच्या दारात उभा असायचो तेव्हा त्या डबे घेऊन घाईघाईनं जायच्या. "येतो मास्तर," असं ओरडायच्या. परत यायच्या त्या दिवेलागणीला, थकलेल्या, थेट घराकडं. मधला सगळा दिवस मी हॉलमध्ये एकटा. ओसरीत बालवाडीची लेकरं गाणी म्हणायची, तीही दुपारी घरी जायची. दुपारनंतर फक्त पारव्यांचा आवाज. कधी कधी मी एखादी मशीन उगाच चालवायचो. नुसती, कापड न घालता.

रविवारी ती फटकळ सून यायची. एकदा आली आणि खांदे दाबत बसली.

"काय शिवतेस तिकडं?" मी विचारलं.

"कॉलर."

"आणि?"

"कॉलरच. दिवसभर. बाही दुसरीकडे, खिसा तिसरीकडे. पुरा सदरा म्या आजवर पाह्यला नाई, मास्तर." मग म्हणाली, "मी आयतवारी ब्लाउज शिवाले येत जाईन. नाई तं इसरून जाईन."

मी तिच्यासाठी कापड कापून ठेवलं. दोन-तीन रविवार ती आली, पाठ जोडली, एक बाही लावली. मग रविवारचाही ओव्हरटाइम लागला. अर्धा ब्लाउज मी घडी करून तिच्या घरी पाठवून दिला. तिला राग नव्हता, मलाही नव्हता. तिच्या लेकराला चांगल्या शाळेत घातलं होतं. घरात गॅस आला होता. तिच्या नवऱ्यानं एकदा रस्त्यात थांबवून मला पान खाऊ घातलं. सगळं जसं व्हायला हवं होतं तसंच झालं होतं.

ताई आल्या, रिकाम्या मशिनींवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मास्तरजी, इथलं काम झालं. वरूडला वर्ग काढतोय, संत्र्याच्या पॅकिंगवर जाणाऱ्या बायांसाठी. हंगाम संपला की त्यांच्या हाताला काम नसतं. चलाल?"

मी हो म्हटलं. टेम्पो येऊन मशिनी घेऊन गेला. पुतळाही गेला, दोरीनं बांधून उभाच. वरूडला त्याला काय म्हणतील ते म्हणोत.

मी निघालो तो कामाचा दिवस होता. बाया सकाळीच बसनं गेलेल्या. आदल्या संध्याकाळी त्या येऊन गेल्या होत्या, घाईत, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या कडेवर लेकरू. डोळ्यात पाणी आणायलाही कुणाला सवड नव्हती. एसटीच्या थांब्यावर मी पेटीवर बसलो होतो, तेव्हा म्हातारी काठी टेकत येताना दिसली. माझ्या शेजारी दगडावर बसली.

"वरूडले चाल्ला म्हन्तात."

"हो आजी."

"बरं हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता कोनी नाई बोलाले. सून सकाउन जाते, लेकरू शाळेत, हे बाप-लेक वावरात. दिवसभर मी अन् घराची भिताडं."

"तुम्हीच तर तिला जाऊ द्या म्हणालात."

"म्हनलं ना. आताबी तेच म्हनीन." तिनं काठीनं मातीत एक रेघ ओढली. "पन करमत नाई, मास्तर."

मी म्हणालो, "मलाही नाही करमत, आजी."

"ते मले दिसते."

अमरावतीची गाडी आली. पेटी उचलताना मी म्हणालो, "चलता का वरूडला? बटणं निवडायला माणूस लागतंच."

म्हातारी हसली. तोंडात मोजकेच दात होते. "जाय बापा, जागा पकड. उभ्यानं जाशीन इतक्या लांब."

मला खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तरी ती उठली नव्हती. घरी जाण्याची तिला काही घाई दिसत नव्हती.